इंदूरकरांचे पेट्रोल-प्रश्न: भाव, ॲव्हरेज, सिटी बस आणि बाकीच्या शंका

पेट्रोलचा भाव हलला की राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगरातून आम्हाला तेच तेच प्रश्न येतात. काही व्हॉट्सॲपवर, काही फोनवर, बरेचसे सानंद या आपल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात चहाचा कप हातात धरून. पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा सगळे एका जागी लिहून ठेवतो आहे. हिशेब १०६ रुपये लिटर धरून केले आहेत, कारण मार्च २०२४ च्या कपातीनंतर इंदुरात भाव साधारण तेवढा होता. तुमच्या पंपावर वेगळा असेल तर तो घाला, पद्धत तीच राहते.

१. भाव रोज बदलतो म्हणतात. मग महिनोन् महिने तोच कसा दिसतो?

१६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा भाव लागू होतो. पेट्रोलवरचं सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठलं आणि डिझेलवरचं ऑक्टोबर २०१४ मध्ये. तेव्हापासून कच्च्या तेलाचा आणि डॉलरचा भाव पाहून तेल कंपन्याच दर ठरवतात. निदान नियम तसा आहे. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ नंतर साडेचार महिने काटा हलला नाही आणि मग २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या पंधरवड्यात लिटरमागे १० रुपये चढले. मे २०२२ मध्ये उत्पादन शुल्क कमी झालं, त्यानंतर पुन्हा शांतता. ती मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांच्या कपातीने मोडली.

"उद्यापासून वाढणार" असा मेसेज आला की रात्री दहाला पंपावर रांग लागते. स्कूटरच्या टाकीत पाच लिटर मावतं. भाव दोन रुपयांनी वाढला तरी वाचले दहा रुपये, आणि अर्धा तास गेला तो वेगळाच.

२. दिल्लीच्या मुलापेक्षा आम्ही दहा-अकरा रुपये जास्त का मोजतो? पेट्रोल तर एकच!

पेट्रोल एकच असलं तरी राज्याचा कर वेगळा. केंद्राचं उत्पादन शुल्क देशभर सारखं असतं. एप्रिल २०२५ मध्ये ते लिटरमागे दोन रुपयांनी वाढलं तेव्हा पंपावरचा भाव वाढला नाही, तो बोजा कंपन्यांनी उचलला. फरक पडतो व्हॅटचा, म्हणजे राज्याच्या विक्रीकराचा. नोव्हेंबर २०२१ च्या कपातीनंतर मध्य प्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये आणि १ टक्का सेस असा हिशेब झाला. डिझेलवर १९ टक्के, दीड रुपया आणि १ टक्का. दिल्लीत पेट्रोलवरचा व्हॅट १९.४० टक्के. म्हणून आपण १०६ मोजत होतो तेव्हा तिथे ९५ च्या आत काम होत होतं.

कागदावर मांडून पाहा. मूळ किंमत, वाहतूक, केंद्राचं शुल्क आणि पंपमालकाचं कमिशन मिळून ८० रुपये धरा. त्यावर २९ टक्के म्हणजे २३ रुपये २० पैसे, अधिक अडीच रुपये, अधिक ८० पैसे. झाले साडेसव्वीस. बेरीज १०६ रुपये ५० पैसे. कर टक्केवारीत असल्यामुळे मूळ किंमत एक रुपयाने वाढली तर आपल्याला ती सुमारे एक रुपया तीस पैशांना पडते. उतरतानाही तसंच व्हायला हवं, पण उतरण्याचे दिवस आपल्या वाट्याला कमी येतात.

३. मग पेट्रोल जीएसटीत का घेत नाहीत?

घटनेत तरतूद आहे. कधीपासून घ्यायचं याची शिफारस जीएसटी परिषदेने करायची आहे आणि परिषदेत राज्यं बसतात. लिटरमागे साडेसव्वीस रुपये सोडायला कोण हात वर करणार? घरचं बजेट या आशेवर आखू नका.

४. महिन्याला पेट्रोलवर नक्की किती जातं हेच कळत नाही. कसं मोजू?

पन्नासचं, शंभरचं टाकलं की कळत नाहीच. एकदा टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद होतं तिथे थांबा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी पुन्हा त्याच पद्धतीने फुल करा. मधले किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लिटर, हा तुमचा खरा ॲव्हरेज. शोरूमवाल्याने सांगितलेला विसरा. एका फेरीवर निष्कर्ष काढू नका, तीन वेळा मोजा.

मी वही फ्रिजच्या बाजूला सुतळीने टांगली आणि एक महिना घरची स्कूटर जेव्हा जेव्हा बाहेर पडली तेव्हा कुठे गेली तेही लिहिलं. ऑफिस साडेसहा किलोमीटर, जाऊन-येऊन तेरा, बावीस दिवसांचे झाले २८६. महिन्याचे एकूण किलोमीटर निघाले ४७०. उरलेले १८४ कुठे गेले? वहीत होतं: कोथिंबीर. शिलाईवाला. पोहे. पुन्हा कोथिंबीर, कारण पहिल्यांदा आणलेली पिवळी निघाली. रविवारी फक्त शेव संपली म्हणून अन्नपूर्णा रोड. घरातल्या चार माणसांनी एकाच दिवशी एकाच रस्त्यावर पाच फेऱ्या मारल्याची नोंदही आहे. त्यातल्या दोन माझ्या.

४२ च्या ॲव्हरेजने ४७० किलोमीटरला सव्वाअकरा लिटर लागतं, म्हणजे जवळपास बाराशे रुपये. त्यातले पावणेपाचशे या चिल्लर फेऱ्यांचे. खरं तर जास्तच, कारण थंड इंजिनाला पहिल्या एक-दोन किलोमीटरात पेट्रोल जास्त लागतं आणि आपली फेरी तेवढ्यातच संपते. ऑफिस बदलता येत नाही, भावही आपल्या हातात नाही. म्हणून कुणी "काय करू?" विचारलं की बस, मेट्रो, इलेक्ट्रिक या सगळ्याच्या आधी मी ही वही टांगायला सांगतो. आमच्याकडे आता फ्रिजवर यादी असते आणि संध्याकाळी जो ऑफिसातून येतो तोच सगळं घेऊन येतो. दुसऱ्या महिन्यात १८४ चे १०५ झाले. कोथिंबीर अजूनही विसरते.

५. ॲव्हरेज वाढवायचा काही उपाय? बाटलीतलं औषध टाकू का?

औषध राहू द्या. आधी टायरची हवा बघा. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना, कंपनीने लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. मग एअर फिल्टर, त्यात आपल्या खोदकामाची धूळ भरपूर बसते. मग ब्रेक घासतो का ते, स्टँडवर चाक हाताने फिरवून. वेग ४०-५० चा ठेवा. पलासियाच्या सिग्नलवर आकडा ६०-७० सेकंद दाखवत असेल तर इंजिन बंद करा. पुन्हा चालू करायला जास्त पेट्रोल जातं हा समज चोकवाल्या स्कूटरच्या काळातला आहे.

महागडं प्रीमियम पेट्रोल टाकून साध्या स्कूटरचा ॲव्हरेज वाढत नाही. कंपनीच्या पुस्तकात जास्त ऑक्टेन मागितला असेल तरच ते टाका.

६. शंभरऐवजी ११० चं टाकलं की पंपावर फसवत नाहीत, सकाळी भरलं की जास्त मिळतं, हे खरं का?

दोन्ही नाही. यंत्र आकड्याला ओळखत नाही. गडबड असेल तर ती १०० ला असेल तशी ११० लाही असेल. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं, तिथे सकाळ-दुपारचा फरक नगण्य.

जे करता येतं ते असं. शून्य पाहूनच नोझल आत जाऊ द्या. संशय आला तर पाच लिटरचं माप मागा, प्रत्येक पंपावर ते ठेवावंच लागतं आणि तुमच्यासमोर मोजून दाखवावं लागतं. घनतेचा त्या दिवसाचा आकडाही विचारता येतो. फिल्टर पेपर मागा, पेट्रोलचा थेंब टाका, उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. भांडायला जाऊ नका, शांतपणे मागा. मी एकदा मागितलं तेव्हा माप आणायला गेलेला मुलगा आधी पुसून घेऊन आला, त्यावर धुळीचा थर होता. माप बरोबर निघालं.

आणि हो, हेल्मेट. ऑगस्ट २०२५ मध्ये कलेक्टरांच्या आदेशाने इंदुरात विनाहेल्मेट पेट्रोल देणं बंद झालं, तेव्हा पंपाशेजारी हेल्मेट भाड्याने मिळतं का असं विचारणारे मेसेजही आले होते. आदेश असो-नसो, घाला.

७. ई२० पेट्रोल आल्यापासून गाडी कमी धावते. माझा भ्रम आहे का?

पूर्ण भ्रम नाही. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा एक लिटर पेट्रोलपेक्षा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अंदाज दिला आहे: ई२० साठी न बनलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि त्यासाठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के. म्हणजे ४५ चे ४३ किंवा साडेत्रेचाळीस होतील. कुणी ४५ चे ३५ झाले म्हणत असेल तर दोष दुसरीकडे आहे. आधी प्रश्न ५ मधली हवा आणि फिल्टर बघा.

खरी काळजी पावसाळ्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. गेल्या वर्षी भर पावसात माझी स्कूटर पेट्रोल भरल्यावर दोन किलोमीटरवर आचके देत बंद पडली. मेकॅनिकने टाकीतलं कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढलं, पाच मिनिटं ठेवलं आणि उजेडासमोर धरलं. वर पिवळसर स्वच्छ पेट्रोल, खाली तीन बोटं गढूळ पाणचट थर, मध्ये पट्टीने ओढावी तशी रेघ. पाणी पंपाच्या टाकीतलं की माझ्या झाकणातून गेलेलं, ते सिद्ध करता आलं नाही. पावती मी फेकून दिली होती. तेव्हापासून पावती आठवडाभर ठेवतो आणि स्कूटर उघड्यावर असेल तर झाकणावर प्लास्टिक घालतो. पाण्याची भानगड फक्त पेट्रोलची नाही. जून २०२५ मध्ये रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेलमधल्या पाण्याने बंद पडल्या होत्या. तिथे पंप लगेच सील झाला. आपल्याला पावती लागते.

८. बीआरटीएस, म्हणजे बसची राखीव लेन, काढली. आता त्या मार्गावरच्या आयबसवर भरवसा ठेवावा का?

बस आहे, पण तिचा वेळ पूर्वीसारखा बांधलेला नाही. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा साडेअकरा किलोमीटरचा राखीव मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर काढायला घेतला. राखीव लेनमध्ये बस पलासियाच्या गर्दीला वळसा न घालता सरळ निघून जायची, आता ती आपल्याच कारमागे उभी असते. सकाळी साडेनऊ ते साडेदहात पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवा. गर्दीच्या आधी, नऊला निघणाऱ्याला अजूनही बस स्वस्त आणि डोक्याला शांत पडते. आठवड्यातून चार दिवस जाणार असाल तर पास काढा, दोन दिवसांसाठी सुटं तिकीट बरं.

भंवरकुआं, नवलखा, गीताभवन, विजयनगर या सरळ रेषेत घर आणि ऑफिस दोन्ही असतील तर बसचा विचार कराच. घर सुदामानगरात आणि ऑफिस बंगाली चौराह्याला असेल तर दोनदा बदलावं लागेल. तिथे मी बसचा आग्रह धरणार नाही. प्रश्न १२ पाहा.

आपल्या सिटी बस कंपनीच्या नावात ज्यांचं नाव आहे ते ग्वाल्हेरचे अटलजी १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये पेट्रोलच्या भाववाढीचा निषेध म्हणून संसदेत बैलगाडीतून गेले होते. वडिलांच्या पिढीला हे आठवतं, आणि ते सांगताना ते स्वतः मात्र गाडी काढतात.

९. मेट्रोने पेट्रोल वाचेल का?

सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपन्यांत जाणाऱ्या आणि गांधीनगरकडे राहणाऱ्यांचं वाचू शकतं. पहिला टप्पा ३१ मे २०२५ ला, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, सुरू झाला: गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरवर सुमारे सहा किलोमीटर आणि पाच स्थानकं. राजवाड्याच्या माणसाला त्या टप्प्याचा उपयोग नातवंडांना फिरवून आणण्यापुरता. घराजवळ स्थानक सुरू होईल तेव्हा घर ते स्थानक हा तुकडा कसा गाठणार ते आधी पाहा. त्यासाठी रोज स्कूटर काढावी लागली तर बचत अर्धी होते.

१०. राऊ-महूकडून रोज येणाऱ्यांनी काय करावं?

रेल्वेने यावं. इंदूर, सैफीनगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ आणि पुढे डॉ. आंबेडकरनगर म्हणजे आपलं महू, असा हा मार्ग आहे. आपल्या मराठी वस्तीच्या दोन कॉलन्यांना स्वतःचं स्टेशन आहे हे निम्म्या रहिवाशांच्या लक्षातच नसतं. मासिक पास दुचाकीच्या पेट्रोलपुढे किरकोळ आहे. अडचण फेऱ्यांची: तुमच्या वेळेला गाडी असली तर सोन्याहून पिवळं, नसली तर काही उपयोग नाही. वेळापत्रक आठवडाभर पाहून मगच पास काढा, कारण कामांमुळे गाड्या बदलत राहतात.

इंदुरात रेल्वे आली ती दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून. एवढे पैसे घातलेत तर वापरा तरी, असं माझी आत्या म्हणते.

११. ई-रिक्षा आणि मॅजिक (प्रवासी नेणाऱ्या छोट्या व्हॅन) परवडतात का?

एकट्याला, दोन-तीन किलोमीटरसाठी, हो. रोज दोघं जात असाल तर दोघांचं जाऊन-येऊन भाडं स्कूटरच्या पेट्रोलपेक्षा जास्त होतं. पार्किंग मिळत नाही तिथे मात्र, म्हणजे राजवाडा, सराफा, छप्पन दुकान, भाड्याचे पैसे वसूल होतात.

१२. शेजारी आणि मी एकाच बाजूला जातो. कारमध्ये सोबत गेलो आणि पेट्रोल वाटून घेतलं तर कायद्यात बसतं का?

ओळखीच्यांनी पेट्रोलचा खर्च वाटून घेणं वेगळं आणि पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाडं घेऊन प्रवासी नेणं वेगळं. दुसऱ्यासाठी परवाना आणि व्यावसायिक नोंदणी लागते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमका तोच मुद्दा काढू शकते. म्हणून खर्चापेक्षा जास्त घेऊ नका आणि अनोळखी माणसाला बसवू नका.

पैशापेक्षा वेळेवरून भांडणं जास्त होतात. आमच्या गल्लीत टिकलेला गट हा असा चालतो: चौघं, प्रत्येकाची कार एकेक आठवडा, पैशांचा व्यवहार नाही. नऊ दहाला गेटवर, नऊ पंधराला गाडी निघते, कुणाचीही वाट पाहत नाही. पहिल्या महिन्यात दोघांची गाडी सुटली, नंतर कुणाचीच नाही. कारचा ॲव्हरेज १५ आणि रोज २४ किलोमीटर धरले तर दिवसाला १.६ लिटर, म्हणजे सुमारे १७० रुपये. चार आठवड्यांत तीन आठवड्यांचे वाचतात.

सानंदच्या प्रयोगांना खंडवा रोडवर जाताना तर एका घरातल्या दोन कार बघितल्या आहेत. तिथे जाताना काका-काकूंना विचारायला काही लागत नाही. येताना नाटकावर वाद घालायलाही माणूस मिळतो.

१३. जुन्या कारला सीएनजी किट बसवू का?

महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर चालत असाल तर विचार करा, तीनशे-चारशे चालत असाल तर सोडा. किटचे पैसे निघायलाच वर्षं जातील. बसवलंच तर मान्यताप्राप्त किट, अधिकृत केंद्र, आणि आरसीवर नोंद. नोंद नसेल तर विमा अडतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो-टेस्ट सक्तीची असते, सेकंडहँड कार घेताना त्याची तारीख पाहा. डिकी जाते, त्यामुळे पुण्याला चार माणसं आणि चार बॅगा हा बेत विसरा. पंपावरची रांगही हिशेबात धरा.

दुचाकीवाल्यांसाठी: सीएनजीवर चालणारी मोटारसायकल जुलै २०२४ पासून बाजारात आहे, पण स्कूटरला बाहेरून किट बसवायच्या भानगडीत पडू नका.

देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो आणि त्यातून सुमारे १७ टन गॅस मिळतो, तो सिटी बसमध्येही जातो. तुमच्या हिरव्या डब्यातल्या मेथीच्या काड्या बस ओढतात. त्यात प्लास्टिक टाकू नका, एवढंच.

१४. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तर किती दिवसांत पैसे वसूल?

तीन युनिटची बॅटरी, प्रत्यक्ष रस्त्यावर ९० किलोमीटर धरा, जाहिरातीतला आकडा नाही. चार्जिंगमधली गळती धरून साडेतीन युनिट लागतील. युनिट आठ रुपये पकडला तर २८ रुपयांत ९० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ३१ पैसे. पेट्रोल स्कूटर ४५ च्या ॲव्हरेजने २ रुपये ३५ पैसे घेते. फरक साधारण दोन रुपये. इलेक्ट्रिक २५ हजारांनी महाग पडत असेल तर साडेबारा हजार किलोमीटरनंतर पैसे निघतात. रोज २५ किलोमीटर चालवणाऱ्याला ५०० दिवस, रोज आठ चालवणाऱ्याला चार वर्षांहून जास्त.

म्हणून घरात दोन स्कूटर असतील तर जास्त धावते ती इलेक्ट्रिक करा. बहुतेक घरांत उलट होतं: नवी गाडी "सांभाळून" वापरतात आणि जुनी पेट्रोल पीत राहते. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती टक्के क्षमतेपर्यंतची, हे दोन आकडे लेखी घ्या.

१५. आमचं बिल अटल गृह ज्योतीत येतं. स्कूटर चार्ज केली तर?

हा प्रश्न फार थोडे जण आधी विचारतात, बाकीचे बिल आल्यावर. महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असेल तर पहिली १०० युनिटं शंभर रुपयांत मिळतात. १५० ओलांडले की त्या महिन्याचं अनुदान गेलं. रोज २५ किलोमीटर चालवणाऱ्या स्कूटरला महिन्याला सुमारे २९ युनिट लागतात. म्हणजे घरचा वापर १२० च्या आत असेल तर निभावतं, १३० असेल तर उडी बसते आणि ३१ पैशांचा हिशेब त्या महिन्यापुरता मोडतो. मागच्या बारा बिलांवर युनिटांचा आकडा पाहा. कूलरच्या दिवसांत, एप्रिल ते जून, तसेही बहुतेक जण बाहेर जातात. मीटर वाचनाची तारीख लक्षात ठेवा आणि महिनाअखेरीस काट्यावर असाल तर दोन दिवस ऑफिसात चार्जिंग मिळतं का पाहा.

१६. फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटी पार्किंगमध्ये प्लग देत नाही.

आधी तुमच्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर आणि वेगळा एमसीबी टाकायचा लेखी अर्ज द्या. "सोसायटीची वीज वापराल" ही त्यांची मुख्य भीती असते, ती मीटर तुमचं असल्याने जाते. अर्थिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. चौथ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडणं हा उपाय नाही. मी तो पाहिला आहे, पावसात. बॅटरी काढता येते अशा स्कूटर मिळतात, पण आठ-दहा किलो रोज जिन्याने वर नेणारे दोन महिन्यांत कंटाळतात. वर नेलीच तर दारात, जिन्याच्या वाटेवर ठेवून रात्रभर चार्ज करू नका.

१७. गुजरातला जाताना टाकी कुठे भरावी?

अहमदाबाद रस्त्याने जाताना झाबुआच्या पिटोलपर्यंत पुरेल इतकंच इंदुरात टाका आणि सीमा ओलांडून फुल करा. गुजरातचा कर कमी असल्याने लिटरमागे दहाएक रुपयांचा फरक पडत आला आहे. ट्रकवाले वर्षानुवर्षं हेच करतात. येताना दाहोदला पुन्हा फुल. महाराष्ट्राच्या बाजूला, धुळ्याकडे, फरक फारच किरकोळ असतो, तिथे थांबायचं ते चहासाठी. डब्यात भरून आणण्याचा विचार करू नका. कारच्या डिकीत उन्हात तापलेलं पेट्रोल चारशे रुपयांच्या बचतीसाठी नको.

१८. माझी स्कूटर १६ वर्षांची. आता पंपावर पेट्रोलच मिळणार नाही म्हणे?

ती गोष्ट दिल्लीची. तिथल्या जुन्या गाड्यांना इंधन बंद करण्याचा २०२५ चा निर्णय आपल्याला लागू नव्हता. इंदुरात खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ पासून दुचाकीसाठी त्याची फी हजार रुपये झाली, तपासणी आणि उशिराचा दंड वेगळा.

ठेवावी का? प्रश्न ४ ची पद्धत लावा. ॲव्हरेज अजून ४० च्या वर असेल आणि महिन्याला दीडशे किलोमीटरच होत असतील तर ती खाते चारशे रुपयांचं पेट्रोल. त्यासाठी लाखाची नवी गाडी घेण्यात हिशेब बसत नाही. ॲव्हरेज तिशीत आला असेल आणि रोज ऑफिसला नेत असाल तर प्रश्न १४ कडे जा. विकताना आरसीवरचं नाव बदललं की नाही ते स्वतः आरटीओच्या पोर्टलवर पाहा. भंगारवाल्याला दिली तरी नोंदणी रद्द केल्याचा कागद घ्या, नाहीतर चलन तुमच्या मोबाइलवर येत राहतं.